उंदराखालचं कापड

भावसारकाका कुणाशी हात मिळवत नसत. नवे साहेब बदलून आले, सगळ्यांनी हात पुढे केले, तरी काका आपले दोन्ही हात जोडून उभे. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा जुन्या वळणाचा आहे. कारण वेगळंच होतं. कुणी उजवा पंजा जोरात दाबला तर दुपारपर्यंत रेघ नीट येत नाही, असं त्यांचं म्हणणं. पिशवी डाव्या हातात, छत्री डाव्या हातात, कचेरीतलं लोखंडी कपाट उघडायचं तेही डाव्याच हाताने. सायकल तर त्यांनी ऐन उमेदीत विकून टाकली होती. लोधीपुऱ्याच्या रस्त्यांवरून हँडल धरून आलं की हात तासभर झणझणतो म्हणे. ते रोज चालत यायचे.

ते आमच्या कचेरीतले नकाशेवाले. बुऱ्हाणपुरातल्या पाण्याच्या लाइनी कुठून कुठे जातात, कुठे वळतात, व्हॉल्व कुठल्या गल्लीत किती खोल आहे, याचे मोठमोठे नकाशे आमच्याकडे असत. ट्रेसिंगच्या कापडावर शाईने काढलेले. निम्म्याहून जास्त काकांच्या हातचे. रेघ ओढायला लागले की ते श्वास रोखून धरत, आणि रेघ संपेपर्यंत खोलीत कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. एकदा ते राजपुरा मोहल्ल्याच्या लाइनी काढत होते आणि साहेबांनी बोलावलं म्हणून बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, तीनदा येऊन गेले. काका हलले नाहीत. रेघ संपली, पेन खाली ठेवलं, मग म्हणाले, "साहेबांना सांगा, मी राजपुऱ्यात होतो."

ते खरंच राजपुऱ्यात असायचे. माझं माहेर राजपुऱ्यातलं, म्हणून मला माहीत आहे. आमच्या गल्लीत एकदा लाइन फुटली. मजुरांनी दोन दिवस खणलं, तीन खड्डे झाले, पण व्हॉल्व काही सापडेना. तिसऱ्या दिवशी काका आले. देवळाच्या पायरीपासून टेप लावली, दोन वळणं मोजली, पायातली चप्पल काढून रस्त्यावर ठेवली आणि म्हणाले, "इथे." मजुरांनी खणलं. व्हॉल्व त्या चपलेच्या बरोबर खाली निघाला. काकांनी चप्पल झटकली, पायात घातली आणि निघाले. कुणीतरी म्हणालं, "अहो, चहा तरी घ्या." तर म्हणाले, "नकाशात चहा नाही."

मी त्या कचेरीत लागले ती वर्षं कॉम्प्युटर कचेऱ्यांत शिरण्याची. वरून हुकूम निघाला होता: गावोगावचे नकाशे कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि सगळे एका जागी जोडायचे. चार मशिनं आली. खंडव्याला राहून कोर्स केलेली मी एकटीच होते, म्हणून काकांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी तिशीची, एका मुलीची आई, नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. काका पंचावन्नच्या आसपास. तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला 'सुनीताताई' म्हटलं.

"ताई, हे कशाने चालतं?"

मी माऊस टेबलावर फिरवून दाखवला, पडद्यावरचा बाण दाखवला. त्यांचं लक्ष बाणाकडे नव्हतं. त्यांनी माऊस उचलला, उलटा केला, खालची चकती फिरवून काढली आणि आतली गोळी तळहातावर घेतली. बोराएवढी, राखाडी, दिसण्यापेक्षा जड. त्यांनी ती नखाने दाबून पाहिली.

"आत लोखंड आहे, वरून रबर," ते म्हणाले. "म्हणजे हा उंदीर घासून चालतो. मग खाली धरायला काहीतरी पाहिजे ना त्याला?"

आमच्या कोर्सच्या मास्तरांनी हे कधी सांगितलं नव्हतं. पण झालं तसंच. कचेरीतली टेबलं सनमायकाची. त्यांवर गोळी घसरायची. हात पुढे जायचा आणि बाण जागेवरच. त्यात गावात घरोघरी माग, हवेत कायम कापसाचे तंतू. ते माऊसच्या पोटात जाऊन चातीवर सूत गुंडाळावं तसे आतल्या बारीक रुळांना गुंडाळले जात. काका रोज सकाळी कंपासच्या टोकाने ते सोलून काढत आणि कागदाच्या पुडीत बांधून टाकून देत.

मशिनांबरोबर माऊसखाली ठेवायचे पॅड आले होते, पण दोनच. खाली रबर, वर कापड, कापडावर कुठल्या तरी परदेशी धबधब्याचं चित्र. एक साहेबांच्या खोलीत गेलं. तिथला कॉम्प्युटर झाकलेलाच असायचा, त्यामुळे पॅडवर चहाचा ग्लास ठेवत. दुसरं बडेबाबूंनी खराब होईल म्हणून ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलं.

मशिनं बघायला इंदूरहून शर्मा नावाचे एक इंजिनीअर यायचे. काकांनी त्यांना गाठलं. हे पॅड कुणी काढलं, का काढलं, आधी काय होतं, सगळं विचारलं. शर्माजींनी ऐकीव होतं ते सांगितलं. पहिला माऊस म्हणे लाकडाचा होता, खाली दोन चाकं. पुढे चाकं जाऊन गोळी आली. गोळी गुळगुळीत टेबलावर घसरायला लागली, तेव्हा कुणीतरी खाली रबराचा तुकडा घालून पाहिला, मग त्यावर कापड चिकटवलं. गोळीला पकड मिळाली, धूळ कमी गेली, मनगटालाही आराम झाला. एवढाच त्याचा इतिहास.

काका फार खूश झाले. "म्हणजे त्या लोकांचंही टेबल घसरलं होतं," मला म्हणाले. "ज्याने पहिल्यांदा खाली कापड घातलं ना ताई, तो हाताने काम करणारा माणूस असणार. साहेब नसणार."

तोवर मला वाटत होतं की अडचण फक्त टेबलाची आहे.

एके दुपारी त्यांनी जुन्या नकाशाच्या फोटोवरून एक सरळ लाइन गिरवली. पडद्यावर ती करवतीच्या दातांसारखी उमटली. मी म्हटलं, "काका, माऊस साफ करायला झाला." त्यांनी साफ केला, पुन्हा गिरवली. तेच दात. मी म्हटलं, "बघू," आणि माझ्या हाताने गिरवली. रेघ सरळ आली.

काका उठले, दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले.

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "थरथर आहे. डॉक्टर म्हणतो, वाढत जाणार, कमी काही नाही व्हायची. पेन असतो तोवर निभतं. करंगळी कागदावर दाबून धरायची, पेन पण दाबायचा. कागद हात धरून ठेवतो. हा धरत नाही. याला दाबला तरी पळतो." मग म्हणाले, "कुणाला मालूम नाही. घरी पण नाही."

वरून आलेल्या हुकमात आणखी एक ओळ होती, ती आम्हा सगळ्यांना पाठ होती. तीन महिन्यांनी परीक्षा, आणि जे कॉम्प्युटरवर नकाशा गिरवू शकणार नाहीत त्यांची बदली बाहेरच्या ठिकाणी. आमच्याकडे बाहेरचं ठिकाण म्हणजे डोंगरातलं पंपाचं स्टेशन. पाइपांचं भांडार, दोन खोल्यांचं क्वार्टर, दिवसातून एक बस.

"मी कुठेही राहीन हो," काका म्हणाले. "पण तिला घेऊन कसा जाऊ?"

'ती' म्हणजे कमलकाकू. साखरेच्या आजाराने त्यांची दृष्टी गेली होती. मुलंबाळं नव्हती. पुढच्या आठवड्यात काकांनी मला घरी बोलावलं. लोधीपुऱ्यातलं छोटंसं घर. मी दारात चप्पल काढत होते तोच आतून आवाज आला, "डावीकडे ठेव गं, उजवीकडे माझी बादली आहे." काकू घरात एवढ्या भरभर फिरत होत्या की मला क्षणभर वाटलं, यांना दिसतंय. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट, बस. साखरेचा डबा न चाचपता हातात.

"हे घर मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "अंगणात पण भिंत सोडत नाही मी. एकदा यांच्या बहिणीकडे गेलो होतो आठ दिवस. खाटेवरून उतरले नाही. कुणी हात धरून नेलं तर गेले, नाही तर बसून. गाठोडं झालं होतं माझं."

काकांनी सतरंजीवर कापडाचे तुकडे मांडले. मांजरपाट, बकरम, खादी, मखमल, कांबळ्याचा तुकडा, जुन्या कोटाचं काळं लोकरी कापड. काकूंचं माहेर मागवाल्यांचं, कापड त्यांना बोटांनी कळायचं.

"उंदीर कशावर पळतो ते आता मला विचारता का?" त्या हसल्या.

"पळायला नाही पाहिजे. धरून चालला पाहिजे."

त्यांनी एकेक तुकडा हातात घेतला. बकरम बाजूला टाकलं. "याला अंग नाही, नुसती खळ आहे." मखमल दोन्हीकडून चोळली. "ही एका बाजूने जाऊ देते, दुसऱ्या बाजूने अडवते. तुमची रेघ फसवेल." शेवटी कोटाचं कापड उचललं. "हे घ्या. कुठूनही फिरवा, सारखंच धरतं."

मग तुकडा हातातच ठेवून त्या म्हणाल्या, "पण अहो, तुमच्या हाताला असं काय झालं की कापडाने धरावं लागतंय?"

"हाताला कुठे? उंदराला," काका म्हणाले.

मी चहाच्या कपात पाहत राहिले.

ट्रकच्या ट्यूबचं रबर, त्यावर पंक्चरचं सोल्युशन, त्यावर ते काळं कापड. पॅड तयार झालं. ओबडधोबड, पण त्यावर गोळी चिकटून चालायची. माऊस ढकलायला जोर लागायचा आणि तो जोरच काकांचा हात स्थिर ठेवायचा. पहिली सरळ रेघ उमटली तेव्हा काकांनी रोखलेला श्वास सोडला. "आली," एवढंच म्हणाले.

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे बरे गेले. काकांनी पॅडवर अख्खा राजपुरा गिरवला. वेग माझ्या निम्माही नव्हता, पण वळणं अशी की मला जमू नयेत. ते बघून बडेबाबू म्हणाले, "भावसारजी, एक हमारे लिए भी बना दो।" काकांनी बनवून दिलं. ते बडेबाबूंनी वापरलंसुद्धा, कारण त्यावर खराब व्हायला चित्र नव्हतं. मी काकांना एकदा म्हटलं, "परीक्षेच्या दिवशी घाबरू नका, रेघ वाकडी गेली तर खुणेने सांगा, मी काहीतरी निमित्त काढून येईन." त्यांना ते आवडलं नाही. "ताई, नकाशाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव असतं. दुसऱ्याच्या रेघेखाली माझं नाव नको."

परीक्षेच्या आदल्या दिवशी नवीन मशिनं आली. परीक्षा त्यांच्यावरच होणार होती. परीक्षेच्या सकाळी काका पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. बाहेरून आलेले परीक्षक साहेब चांगले होते, हसतमुख. काकांनी पॅड टेबलावर ठेवलं, माऊस हातात घेतला आणि सवयीने उलटा केला. खाली गोळी नव्हती. लाल उजेड होता.

"अब बॉल नहीं है," परीक्षक म्हणाले. "लाइट से चलता है। पैड की ज़रूरत ही नहीं।"

तरी काकांनी पॅडवर ठेवून पाहिला. त्या काळ्या लोकरी कापडावर तो उजेड कधी धरायचा, कधी सोडायचा. बाण इथून उडी मारून तिथे. पॅड काढलं तर माऊस सनमायकावर तेल सांडल्यासारखा घसरायला लागला, आणि हाताचं सगळं पडद्यावर जसंच्या तसं. मी दाराशी उभी होते. अर्ध्या तासात काकांनी ती एक लाइन सोळा-सतरा वेळा पुसली असेल. शेवटी जी राहिली तिच्याकडे परीक्षकांनी वाकून पाहिलं.

"ये ऐसा क्यों आ रहा है?"

"नया है, साहब," काका म्हणाले. "आदत नहीं है।"

परीक्षकांनी पंधरा दिवसांनी आणखी एक संधी दिली. एवढी माणुसकी त्यांनी दाखवली, हे सांगायला हवं.

ते पंधरा दिवस मी विसरू शकत नाही. काकांनी गावातलं एक कापड सोडलं नाही. पांढरं, करडं, जाड, पातळ. उजेडाला चालायचं ते हाताला धरत नव्हतं, हाताला धरायचं ते उजेडाला चालत नव्हतं. त्यांनी मनगटाला पट्टा बांधून पाहिला. माऊसवर शिशाचा तुकडा चिकटवून तो जड करून पाहिला. डाव्या हाताने पाहिलं. जेवण सुटलं. थरथर आता कचेरीत सगळ्यांना दिसायला लागली. चहा बशीत सांडायचा आणि लोक दुसरीकडे बघायचे.

दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. हातात काही काम नव्हतं.

"सुनीताताई, उद्या... तुम्ही बाजूच्या मशीनवर बसाल ना?"

"हो, काका."

"मग असं नाही का होणार, माझ्या नावाची फाइल तुमच्या मशीनवर... एकच लाइन तर आहे. साहेब जरा बाहेर गेले की..."

नोकरी पक्की झालेली नव्हती. घरी मुलगी होती. आणि परीक्षक जागेवरून उठत नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"काका, ते तिथेच बसलेले असतात," मी म्हटलं.

"हो, हो," ते लगेच म्हणाले. "मले मालूम आहे. मी आपलं असंच विचारलं. तुम्ही मनावर नका घेऊ." आणि वळून जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला त्यांचा.

दुसऱ्या दिवशी ते परीक्षेला बसले, पण माऊसला हात लावला नाही. उजवा हात डाव्याखाली दाबून, समोर बघत, वेळ संपेपर्यंत बसून राहिले.

बदलीचा कागद महिन्याभरात आला. काका साहेबांच्या खोलीत गेले. दार अर्धवट उघडं होतं. "साहब, चार साल बचे हैं। घर में उनको दिखता नहीं। नई जगह में वो मर जाएगी, साहब।" साहेबांचा आवाजही पडलेला होता. "भावसारजी, मैं क्या करूँ? लिस्ट ऊपर से बनकर आती है।" काका बाहेर आले ते हात जोडलेलेच. समोर आता साहेब नव्हते, तरी बराच वेळ हात तसेच होते.

मग ते एकटेच दोन दिवस डोंगरातल्या त्या क्वार्टरवर जाऊन आले. परतल्यावर कचेरीत आपल्या जुन्या टेबलावर त्यांनी एक जाड पुठ्ठा घेतला, सुतळी आणि डिंक घेतला. खिशातल्या चिठ्ठीवर मापं होती. पुठ्ठ्यावर डिंकाची रेघ, त्यावर सुतळी. मी जवळ जाऊन पाहिलं. दोन खोल्या, दार, मोरी, चुलीची जागा. नव्या घराचा नकाशा, बोटांनी वाचायचा.

"पोचायच्या आधी तिला पाठ होईल," ते म्हणाले. "मग तिथे खाटेवर बसून नाही राहणार."

"मी चिकटवून देऊ?"

"नको. एवढं मलाच करू द्या."

सुतळी त्यांच्या बोटांतून निसटत होती. एका भिंतीशी तर ती नागमोडी बसली. त्यांनी ती उपटायला पाहिली, पण डिंक वाळला होता, पुठ्ठ्याचा पापुद्रा निघायला लागला. त्यांनी सोडून दिलं. मी माझ्या टेबलाकडे परत गेले. त्या दिवशी मी काहीही टाइप केलं तरी चुकत होतं.

निघायच्या दिवशी मी बस स्टँडवर गेले. दोन पेट्या, एक गादी, पितळेचा हंडा एवढं सामान टपावर चढलं होतं. काकू खिडकीशी बसल्या होत्या. त्यांचा चेहरा मी घरात पाहिलेला तो नव्हता. मान आखडलेली, एक हात समोरच्या सीटच्या दांडीवर घट्ट. मी खिडकीतून त्यांच्या हाताला हात लावला, नाव सांगितलं. "आलीस का गं," त्या म्हणाल्या आणि माझी बोटं धरून ठेवली. मग कंडक्टरने घंटी मारली तशी सोडली.

काका शेजारी बसले. त्यांनी पुठ्ठा काकूंच्या मांडीवर ठेवला. काकूंनी दांडीवरचा हात काढला आणि सुतळीवर ठेवला. बोट दारातून आत शिरलं, भिंतीला धरून हळूहळू पुढे गेलं, मोरीशी वळलं, पलीकडच्या भिंतीवर आलं आणि थांबलं. मागे गेलं, पुन्हा आलं, त्याच जागी पुन्हा थांबलं.

"अहो, इथे ही भिंत अशी वाकडी आहे का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. उजवा हात त्यांनी धोतराच्या सोग्यात घेतला होता.

"हो," ते म्हणाले. "तिथली भिंत वाकडीच आहे."

काकूंचं बोट त्याच भिंतीवर होतं, आणि बस हलली.